स्टुलावर न चढता

टाकाऊ वस्तूंतून पाणी घालायची अवजारं करण्याची प्राथमिक मार्गदर्शिका. चेरीताल, जबलपूर आणि लगतच्या मोहल्ल्यांसाठी.

ही कुणी वाचावी

ज्यांच्या घरात एक तरी कुंडी अशा जागी आहे की ती तिथे कुणी ठेवली हे आज घरातलं कुणीच कबूल करत नाही, त्यांनी. पुस्तकांच्या कपाटावरचा मनीप्लांट, जिन्याच्या खिडकीबाहेर छज्जावर ठेवलेला शेवंतीचा डबा, पोर्चच्या हुकाला टांगलेलं नेचं, कूलरच्या स्टँडमागे अडकलेली तुळस. यातलं काहीच तुमच्याकडे नसेल तर तुम्ही सुखी आहात, पान उलटा.

पूर्वज्ञानाची गरज नाही. विज्ञान दहावीपर्यंत झालं असेल तर ते विसरायची तयारी ठेवावी, कारण दहावीच्या विज्ञानात पाणी सांगितल्याप्रमाणे वागतं.

स्थानिक परिस्थिती

जबलपुरात बावन्न ताल होते असं म्हणतात, चेरीताल त्यांतला एक. राणी दुर्गावतीने राणीताल खोदवला, तिच्या दिवाणाने, आधारसिंहाने, आधारताल आणि तिच्या एका दासीने चेरीताल, अशी कथा इथे लहानपणीच कानावर पडते. राणी 24 जून 1564 रोजी मोगल फौजेशी लढताना पडली. ताल तिच्यानंतर बरीच शतकं टिकले आणि मग माणसांना प्लॉट लागायला लागले. आज चेरीतालमध्ये ताल सोडून सगळं मिळतं. दमोह नाक्याकडून आत शिरा, दोन्ही बाजूंनी घरं, प्रत्येक घरावर काळी टाकी आणि प्रत्येक टाकीखाली पाण्याची तक्रार करणारं एक कुटुंब. पूर्वी याच जागी उभं राहिलो असतो तर गळ्याइतक्या पाण्यात असतो, हा विचार स्टुलावर चढून मग उंचावताना मनात आणू नये, तोल जातो.

पाण्याचा प्रवासही एकदा समजून घ्या. नर्मदेतून ते उपसायचं, शुद्ध करायचं, शहराच्या उंच टाकीत चढवायचं, नळाने खाली सोडायचं. मग आपण मोटर लावून ते छतावरच्या टाकीत चढवायचं, बाथरूमच्या नळाने खाली आणायचं, मगात घ्यायचं आणि कपाटावरच्या मनीप्लांटसाठी पुन्हा वर न्यायचं. ही मार्गदर्शिका फक्त या शेवटच्या दीड मीटरपुरती आहे. आधीचं सगळं सरकार आणि महापालिका बघून घेते, किंवा घेत नाही.

हंगाम : मार्चच्या अखेरीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत. सगळ्यात कसोटी नौतपात, म्हणजे 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की पुढचे नऊ दिवस. त्या दिवसांत दुपारी छज्जावरच्या डब्याला हात लावून बघा, म्हणजे आतल्या शेवंतीबद्दल वेगळं सांगावं लागणार नाही.

पहिला धडा : कुंडी वर की खाली

नवशिके इथे चुकतात आणि जाणतेही इथेच चुकतात, फक्त जास्त आत्मविश्वासाने. हात न पोचणारी कुंडी दोनच प्रकारची असते : तुमच्या डोक्याच्या वर किंवा तुमच्या पायाच्या खाली. खालच्या कुंडीला पाणी आपण होऊन जातं, तुम्ही फक्त वाट दाखवायची. वरच्या कुंडीला पाणी जात नाही, ते न्यावं लागतं. जगात जेवढी म्हणून फसलेली अवजारं आहेत त्यांतली बरीचशी दुसऱ्या प्रकारच्या कुंडीसाठी पहिल्या प्रकारचं अवजार केल्यामुळे फसली आहेत.

उदाहरणार्थ, बाटलीचा वरचा भाग कापून त्याचं नरसाळं करायचं, ते दहा फुटी नळीच्या एका टोकाला बसवायचं, दुसरं टोक कपाटावरच्या कुंडीत सोडायचं आणि खाली जमिनीवर उभं राहून नरसाळ्यात पाणी ओतायचं. दिसायला हे फार देखणं असतं. नळी भरते, नरसाळं भरतं आणि मग तुमची बाही भरते. नरसाळ्यातल्या पाण्याची पातळी कुंडीपेक्षा उंच असल्याशिवाय नळीचं दुसरं टोक थेंब देत नाही. नरसाळं उंच धरायचं तर स्टुलावर चढायचं, आणि स्टुलावर चढलात तर मगच पुरला असता.

तिसरा प्रकारही आहे : कुंडी समोर, हाताच्या उंचीवर, पण मध्ये कूलर. याचं उत्तर कूलर हलवणं हे आहे. एप्रिल ते जूनमध्ये ते कुणी सुचवत नाही.

साहित्य

बाजारातून शक्यतो काही आणू नका. तुमच्या माळ्यावर सगळं आहे. प्रत्येक मराठी घरात एक जागा अशी असते जिथे ‘कधीतरी लागेल’ या नावाखाली वस्तू जमा होतात : कोल्ड्रिंकच्या बाटल्या, श्रीखंडाचे डबे, जुन्या कूलरची नळी, सायकलची फाटकी ट्यूब, मोडक्या छत्रीच्या काड्या, हँडवॉशचे पंप, तुटलेल्या बॅगांच्या चेन. ती कधीतरीची वेळ आज आली आहे असं घरात जाहीर करा. बॅगांच्या चेन कशाला लागतील हे अजून कुणाला सापडलेलं नाही, त्या परत ठेवा.

माळा आधीच रिकामा केला असेल तर गुरंदीच्या जुन्या सामानाच्या बाजारात चक्कर मारा, पण एकटे जाऊ नका. बरोबर कुणी नसेल तर तुम्ही नळी आणायला जाल आणि जुना टेबलफॅन घेऊन परत याल.

बाटली निवडताना तळाशी बघा. त्रिकोणात 1 असेल तर ती पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची पातळ जात. 2 असेल तर तेलाच्या कॅनसारखी जाड आणि चिवट. दोन्ही चालतात. फिनाईलची, टॉयलेट क्लीनरची, कीटकनाशकाची आणि इंजिन ऑइलची बाटली कितीही मजबूत आणि कितीही धुतलेली असली तरी वापरायची नाही. खाद्यतेलाची बाटली चिकट असते म्हणून तिच्यात उकळतं पाणी ओतण्याचा मोह होतो. एक नंबरची बाटली साधारण 70 अंशांच्या वर मऊ पडते. उकळत्या पाण्याने ती तुमच्या डोळ्यांदेखत कंबरेत बसते आणि पुन्हा उभी राहत नाही. कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा पुरतो.

अवजार पहिलं : दांड्यावरची झारी (वरच्या कुंडीसाठी)

हे मुख्य अवजार. बाकीची याच्या आशेवर केली जातात.

एक लिटरची जाड बाटली घ्या. दाभणाचं टोक मेणबत्तीवर तापवा. दाभण पकडीत धरा, बोटांत नाही. झाकणाला सात-आठ बारीक भोकं पाडा. भोकाच्या कडेला वितळलेल्या प्लास्टिकची जी कड येते ती ब्लेडने खरवडून काढा, नाहीतर धार सरळ न येता भिंतीवर जाते आणि भिंतीचा रंग कोणत्या कंपनीचा होता हे कळतं. आता बाटलीच्या तळाजवळ, बाजूच्या भिंतीला, एक जरा मोठं भोक पाडा. हे दमाचं भोक. याच्याशिवाय बाटली उलटी केली की पाणी भक्‌ भक्‌ करून येतं, कारण बाहेर पडलेल्या पाण्याच्या जागी हवा जायला वाट नसते.

गंमत पुढे आहे. दमाचं भोक बोटाने बंद करून बाटली उलटी धरा. झाकणात भोकं आहेत, पाणी वर आहे, तरी पडत नाही. खालून हवेचा दाब पाण्याला उचलून धरतो आणि बारीक भोकांच्या तोंडाशी पाण्याची ताणलेली कातडी हवेला आत शिरू देत नाही. बोट काढा, सरी. बोट ठेवा, बंद. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडातले माळी याच तत्त्वावर मातीचे गडू वापरायचे, बुडाला चाळणी आणि माथ्याला अंगठ्याएवढं भोक. तुम्हाला फक्त तो अंगठा आठ फूट लांब करायचा आहे.

त्यासाठी सायकलच्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी दमाच्या भोकावरून बाटलीभोवती घट्ट बसवा. पट्टीच्या खालच्या कडेला सुतळी बांधा. बाटली उलटी, म्हणजे तोंड खाली, दांड्याच्या टोकाला बांधा आणि सुतळी दांड्याबरोबर खाली आणा. सुतळी ओढली की पट्टी सरकते, भोक उघडतं, पाऊस सुरू. सोडली की पट्टी परत जागेवर. पातळ बाटली वापरलीत तर सुरुवातीला दोन-चार चमचे पाणी आपोआप गळतं आणि बाटलीचे गाल आत जातात, मग थांबतं. ते दोन-चार चमचे नेहमी खाली उभ्या असलेल्या माणसावर पडतात आणि तो माणूस नेहमी ऑफिसला निघालेला असतो.

दांडा कुठला? वायपरचा आखूड पडतो. जाळी काढायच्या झाडूचा योग्य. तो तुम्ही घेतला आहे हे मात्र ज्याच्याकडून घेतला त्याला सांगा. बांबू असेल तर उत्तम.

भाराचा हिशेब कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दांडा उभा धरलात तर तो एक किलोच राहतो. पण खिडकीबाहेर छज्जाकडे दांडा आडवा धरावा लागला, आठ फुटी दांडा, एक हात टोकाला आणि दुसरा दोन फुटांवर, तर पुढच्या हातावर चार किलो येतात आणि मागच्या हाताला तीन किलोने दांडा खाली दाबून धरावा लागतो. शिवाय दांड्याचं स्वतःचं वजन. म्हणून आडव्या कामाला अर्ध्या लिटरची बाटली. ‘एवढ्याशा बाटलीने काय होणार’ असं म्हणणाऱ्या व्यक्तीच्या हातात एक लिटरवाली देऊन बघा. दांडा कुठे धरायचा ते सांगू नका.

अवजार दुसरं : पिचकारी

शाम्पूची किंवा सॉसची दाबायची बाटली, तोंडाला बारीक नळी, नळी काठीला बांधलेली. बाटली दाबा, पाणी चढतं. पाणी एक मीटर चढवायला हवेच्या दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा जोर पुरतो आणि तो हाताच्या मुठीत आरामात असतो. टांगलेल्या नेच्यासाठी हे सगळ्यात सुटसुटीत अवजार, आणि सगळ्यात कमी प्रसिद्ध, कारण ते करायला फक्त पाच मिनिटं लागतात आणि कुणाला दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

हँडवॉशचा पंप वापरावा का? एका दाबाला दीड-दोन मिलिलिटर पाणी येतं. एका मध्यम कुंडीला पावशेर पाणी द्यायचं तर सव्वाशे वेळा दाबा. घरातल्या शाळकरी मुलाला सुट्टीत करायला काम नसेल तर हा उपाय आहे, बागेसाठी नाही.

अवजार तिसरं : नळी (खालच्या कुंडीसाठी)

छतावरून किंवा वरच्या बाल्कनीतून खालच्या छज्जावर पाणी सोडायचं असेल तर ते नरसाळं आता काढा. कूलरची नळी अर्ध्या इंचाची असते, ती नरसाळ्याच्या तोंडात बसवा आणि वरून ट्यूबच्या रबराने आवळा. नळीत कुठे वर-खाली वेटोळं राहिलं तर त्यात हवा अडकते, म्हणून उतार सलग ठेवा. नळीचं खालचं टोक कुंडीतल्या मातीला टेकवू नका, चिखलाने बुजतं. टोकावर जुन्या मोज्याचा तुकडा बांधला तर धारेने माती उकरली जात नाही.

याचीच प्रगत आवृत्ती म्हणजे बादली छतावर ठेवून नळीने पाणी ओढून चालू करणं. नळीचं बाहेरचं टोक बादलीतल्या पाण्यापेक्षा खाली असलं की एकदा सुरू झालेलं पाणी थांबत नाही. हाच गुण आणि हाच दोष. तुम्ही चहाला गेलात की बादली संपेपर्यंत ते वाहत राहतं, कुंडी भरते, छज्जा भरतो आणि खालच्या अंगणात भाभींनी वाळत घातलेल्या बड्या आणि बिजौरे भिजतात. मे महिन्यात खाली वाळवण नाही असं अंगण चेरीतालमध्ये सापडणं कठीण, आणि सापडलंच तर तिथे स्कूटर उभी असते. आधी वाकून बघा, मग सोडा. भाभी ‘कोई बात नहीं भैया’ म्हणाल्या तर त्याचा अर्थ काय होतो हे शब्दकोशात शोधू नका.

अवजार चौथं : वात

दुसऱ्या गावी लग्नाला जायचं आहे, आठ दिवस घर बंद आहे, किल्ली शेजारी द्यावी की नाही यावर घरात दोन मतं आहेत. अशा वेळी वात.

घरातल्या वडीलधाऱ्या बाईंकडे जा. त्यांनी आयुष्यभर वाती वळल्या आहेत आणि तेल वातीतून वर चढतं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पाणीही तसंच चढतं, सुताच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून, त्यासाठी पंप लागत नाही. अट एकच : सूत. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची तीन पदरी वेणी उत्तम. टेरिकॉटच्या पट्टीने पाणी चढत नाही असं नाही, पण इतक्या अनिच्छेने चढतं की झाड आधी जातं. नायलॉनचा नाडा तर अजिबात नको, तो फक्त मजबूत असतो.

वेणीचं एक टोक बाटलीच्या तळापर्यंत, दुसरं कुंडीच्या मातीत मुळांजवळ चार बोटं खोल. बाटली कुंडीच्या शेजारी, साधारण बरोबरीच्या उंचीवर. हातभर खाली ठेवलीत तर पाणी चढायला कंटाळतं. वात बसवण्याआधी पूर्ण भिजवून घ्या, कोरडी वात पहिला दिवस भिजण्यातच घालवते. बाटलीवर वर्तमानपत्र गुंडाळा, नाहीतर उजेडाने आत शेवाळ धरतं. तोंड कापसाने बंद करा. आणि निघायच्या आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी लावून बघा, दिवसाला किती बोटं पाणी उतरतं ते बाटलीवर पेनने खूण करून.

इथे वडीलधाऱ्या बाई तुमच्या वेणीकडे बघून ती सोडतील आणि पुन्हा वळतील. ती जास्त घट्ट असेल. त्याला हरकत घेऊ नये. मात्र ‘साडी कुठली घेतलीस’ हा प्रश्न येईल आणि त्याचं उत्तर साडी कापण्याआधी तयार ठेवावं.

अवजार पाचवं : गळती

हे अवजार तुमच्या देवघरात आधीपासून आहे. महादेवावर टांगायचं अभिषेकपात्र म्हणजे बुडाला भोक असलेलं भांडं, त्यात दर्भाची किंवा कापडाची वात आणि तिच्यावरून उतरणारी थेंबांची धार. वैशाखात तुळशीवर मडकं टांगायची रीत आहे तीही हीच. ठिबक सिंचनाचा शोध आधुनिक म्हणून सांगतात आणि ते खरंही आहे : इस्रायलचे सिम्खा ब्लास यांनी 1959 च्या सुमारास शेतासाठी ठिबकनळीची पद्धत बसवली, पुढे ऐंशीच्या दशकात जळगावच्या भवरलाल जैन यांनी ती इथल्या शेतात रुजवली. पण थेंब-थेंब पाणी देऊन वैशाख काढता येतो, हे तुळशीला त्याआधीच ठाऊक होतं.

देवाचं पितळी पात्र मात्र काढू नका. मडकं नसेल तर बाटलीला सलाईनचा सेट लावा. आमच्याच राज्यात, झाबुआ जिल्ह्यात, 2009-10 च्या सुमारास एका आदिवासी शेतकऱ्याने ग्लुकोजच्या रिकाम्या बाटल्या 20 रुपये किलोने 6 किलो विकत घेतल्या आणि कारली-गिलकीच्या शेतात सुमारे 350 ठिबक लावले. पाऊस लांबला होता आणि त्याला दुसरा मार्ग नव्हता. तुम्हाला आहे. दवाखान्यातली वापरलेली नळी आणू नका. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती घरी यायचीच नसते. मेडिकलमधून नवा सेट घ्या. दुकानदार काळजीने विचारील, ‘कौन बीमार है?’ खरं सांगा. शेवंती म्हटल्यावर तो ती तुमची कोण हे विचारणार नाही.

सेटवर जी पांढरी चकती असते ती फिरवून थेंब मोजता येतात. साध्या सेटचे 20 थेंब म्हणजे एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब सोडलात तर तासाला 180 मिलि, दिवसाला चार लिटरच्या वर. छज्जावरचा डबा तळं होईल. पाच सेकंदांना एक थेंब ठेवा, दिवसाला साडेआठशे मिलि. बाटलीतलं पाणी उतरत गेलं की दाब कमी होऊन थेंबही मंदावतात, त्यामुळे संध्याकाळी एकदा चकती बघावी लागते. चकती बघायला कुंडीपर्यंत पोचावं लागतं, हे आमच्या लक्षात आहे. म्हणूनच नळी लांब घ्या आणि चकती खिडकीशी ठेवा.

अवजार सहावं : कूलरचा पंप

करू नका.

तरी करणारच असाल तर : कूलरचा छोटा पंप पाणी पाच-सहा फुटांपर्यंत चढवतो, कपाटावरच्या कुंडीला बरोबर पुरतो आणि म्हणूनच मोह होतो. पंप पूर्ण बुडालेला असू द्या, पाणी आणि हात एका वेळी चालू विजेजवळ नकोत, प्लग आधी काढा मग बादलीत हात घाला. आणि तो पंप सध्या कूलरमध्ये असेल तर तो नौतपात काढणाऱ्या माणसाला रात्री कुठे झोपायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं. कूलरच्या टाकीत साठलेलं पाणी झाडांना घालू नये. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि आठवड्याचं ते पाणी झाडाला मानवत नाही.

किती पाणी

आता अवजारं झाली आहेत आणि तुम्हाला ती चालवून बघायची आहेत. सकाळी एकदा, दुपारी पाहुणे आले म्हणून त्यांना दाखवायला एकदा, संध्याकाळी भाचा आला म्हणून एकदा. अशा घरातला मनीप्लांट पंधरा दिवसांत पिवळा पडतो आणि सगळे म्हणतात, ‘बघा, पाणी कमी पडलं.’ कमी नाही. कपाटावरचा मनीप्लांट इतकी वर्षं जगला तो तुमचा हात तिथे पोचत नव्हता म्हणून. सावलीतल्या कुंडीतली झाडं तहानेपेक्षा मुळं कुजून जास्त जातात. मातीत बोट दोन पेरं घाला, ओलं लागलं तर झारी परत ठेवा. बोट पोचत नसेल तर छत्रीची काडी खुपसून काढा, माती चिकटून आली तर तेच.

छज्जावरच्या डब्याचा हिशेब उलटा. तिथे ऊन, सिमेंटची धग आणि लू असते, पत्र्याचा डबा दुपारपर्यंत कोरडा. सकाळी सहाच्या आत पाणी द्या. दुपारी देऊ नका, कारण टाकीतलं पाणीच तेव्हा चहाला चालेल इतकं गरम असतं.

आधारतालला 1964 पासून जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे आणि तिथल्या लोकांना याहून बरंच जास्त माहीत आहे. पण आठ फुटी बांबू आणि उलटी बाटली घेऊन ऑटोत बसता येत नाही.

कुंडीखालच्या ताटलीत जास्तीचं पाणी साठलं तर दर आठवड्याला ओतून ताटली घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडायला त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. वर ठेवलेल्या ताटल्या कुणाला दिसत नाहीत, डासांना दिसतात.

बाकी छज्जाच्या भेगेत जो पिंपळ उगवला आहे त्याला पाणी घालू नका. तो कुणाच्याही मदतीशिवाय तिथे पोचला आहे, त्याला मार्गदर्शिका लागत नाही. मुळं भिंतीत जाण्याआधी तो काढायचा असतो, आणि तो काढायला कुणाचाच हात पोचत नाही.

वारंवार येणाऱ्या तक्रारी

झारीतून एकच धार येते, बाकी भोकं बंद : नळाच्या पाण्यातले क्षार. झाकण रात्रभर लिंबाच्या रसात.

सुतळी ओढली तर बाटलीच खाली आली : सुतळी पट्टीला बांधायची होती, बाटलीला नाही.

यजमान आता दिवसभर हेच करतात : अवजार बरोबर चालत आहे.

या सगळ्यापेक्षा कुंडी खाली उतरवून ठेवली तर : असा प्रश्न साधारणपणे माहेरून आलेल्या पाहुण्यांकडून येतो. त्यांना पोहे-जिलेबी द्यावी आणि विषय बदलावा.

साठवण

जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की अवजारं उतरवा. वाती सोडवून धुवा, बाटल्या उपड्या ठेवा, दांडा ज्याचा त्याला द्या. दिवाळीच्या जाळ्यांपर्यंत तो परत गेलेला असला पाहिजे. सलाईनचा सेट माळ्यावर ठेवताना चिठ्ठी लावा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी घाबरतं.

ज्या बाटल्या अवजार होता होता राहिल्या त्या कबाडीला द्या. त्याआधी त्यांची सुतळी, रबर आणि एम-सील सोडवा, कारण तो तेवढं वजन कापतो. भोकं पडली आहेत म्हणून भाव कमी करील अशी भीती बाळगू नका. तो बाटली उन्हाकडे धरून एकदा बघतो, आरपार दिसणाऱ्या सात भोकांतून तुमच्याकडेही बघतो, आणि काट्यावर टाकतो. ‘छेद का पैसा नहीं कटता, बाबूजी. ये डंडा भी देना है क्या?’

दांडा देऊ नका.